घरगुती बार

आमच्या घरात एक बंदूक होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मान होता. हे रडगाणं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मला ते कळलं. मी पहाटेपासून पुरणाच्या मागे लागलेली, आणि ती बारा बोअरची एकनळी बाई पाटावर बसून हळदीकुंकू लावून घेत होती. हार तिला, नारळ तिला. परवाना मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर, पिकाच्या संरक्षणासाठी. रिठदकडच्या आमच्या वावराला झुडपी जंगल लागून आहे. तिथून रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं आमच्या हरभऱ्यात अशी येतात, जणू आम्हीच पंगतीचं आवतण धाडलंय. मामंजींनी हवेत बार काढला की ती धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायची, अदबीने थांबायची आणि मामंजींची पाठ फिरली की परत जेवायला बसायची. तरी शेजारचे शेतकरी "आबा, जरा बंदूक घेऊन या" म्हणत दारात उभे राहायचे आणि मामंजी कोट चढवून निघायचे. बंदूक डुकरांसाठी नव्हतीच, त्या चालण्यासाठी होती, असं माझं मत. ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

उडवलेल्या प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी मामंजी उचलून घरी आणायचे. पितळी बुडाच्या त्या पुंगळ्यांचा एक डबा देव्हाऱ्याखाली होता. त्यातली एक मी अगरबत्ती खोचायला घेतली होती. बंदुकीचा एवढाच काय तो मला झालेला उपयोग.

पुढे काडतुसं महागली, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांना मोबाइलवर एक गोरा माणूस भेटला. टेबलावर यंत्रं मांडून तो हसत हसत रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत होता. घरच्या घरी, कुटुंबाच्या बजेटमध्ये. हे सगळं तो इंग्रजीत सांगत होता. ह्यांना त्यातला 'बजेट' एवढा एकच शब्द कळला, पण ह्यांना तेवढा पुरला.

"आपल्या घरी डबाभर पुंगळ्या पडून हायेत," हे म्हणाले. "कायले नवे काडतुसं घ्याचे? घरीच भरू."

"लायसनमंदी घरी भराची परवानगी हाय का?"

"थो माणूस भरून राह्यला ना!"

"थो अमेरिकेत भरून राह्यला. तुमी रिसोड तालुक्यात रायता."

हा मुद्दा ह्यांना बायकी वाटला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराची पाहणी सुरू झाली. मी कुरडया-शेवयांच्या ऑर्डरी घेते, त्यासाठी घेतलेला वजनकाटा ह्यांनी उचलून पाहिला आणि मान डोलावली. मग माझा पितळी सोऱ्या हातात घेतला. त्या गोऱ्याकडे म्हणे असंच काहीतरी दाबायचं यंत्र होतं. "याच्यात काय कमी हाय? दाबलं का काम झालं." त्यातून आजवर फक्त शेव आणि चकली निघाली आहे, हे मी लक्षात आणून दिलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू संशोधनाला घरातूनच विरोध होतो हे ह्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी सोऱ्या गव्हाच्या कोठीत लपवला.

थट्टा पुरे. मला भीती वाटत होती, आणि ती ह्यांच्या बोटांपुरती नव्हती. आमची एकच मुलगी. तिने पोलीस भरतीसाठी वर्षानुवर्षं पहाटे फाट्यापर्यंत पळून पळून बुटांचे तळवे झिजवले होते. मैदान झालं, लेखी झाली, यादीत नाव आलं. राहिली होती ती चारित्र्य पडताळणी. पोलीस घरी येणार, गावात विचारणार, ठाण्यातल्या नोंदी बघणार, आणि मग वर्दी. अशा वेळी बापाने घरात काडतुसांचा कारखाना काढायचा! गुन्हा दाखल झाला तर पोरीच्या नोकरीचं काय, असं मी ह्यांना सरळ विचारलं.

"कोणाले समजते?" हे म्हणाले.

कोणाला समजू नये म्हणून हे दारूगोळ्याची चौकशी करायला रिसोडच्या भर बाजारात गेले. ओळखीचा दुकानदार. फटाके विकतो आणि लग्नसराईत मंडपाचं सामानही भाड्याने देतो. उघड बोलायची सोय नव्हती. मग ह्यांनी मोठ्या हुशारीने आडून सांगितलं, "घरचाच बार हाय. कमी खर्चात उडवाचा हाय. गावात बोभाटा नाई पायजे."

आता बार उडवायचा म्हणजे आपल्याकडे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुकानदाराला तर धंद्यामुळे जास्तच कळत असणार. घरात लग्नाची पोरगी, बाप गुपचूप कमी खर्चात बार उडवायच्या घाईत. त्या भल्या माणसाचं काळीज हललं. बंदुकीची दारू त्याच्या डोक्यात आलीच नाही. त्याने शिरपूरकडच्या, लग्नाचा मुलगा असलेल्या आपल्या एका नातेवाइकाला फोन केला.

रविवारी दारात जीप थांबली. मुलाचे आईवडील, आणि सोबत मुलाचा मामा. मामा त्यांच्या गावचा पोलीस पाटील! पाहुणे बैठकीत टेकले आणि म्हणाले, "तुमी मंडपवाल्यापाशी गोष्ट काढली, मंग आमी म्हटलं पोरगी पाहूनच घेऊ."

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर दया आली. लग्नाचा बार नव्हता म्हणावं, तर मग कशाचा होता ते पोलीस पाटलाला सांगावं लागणार. हे माझ्या मागे स्वयंपाकघरात आले आणि कुजबुजले, "एक डाव पोहे होऊन जाऊ दे. मंग पत्रिका जुयत नाई म्हणून सांगू."

आपला गुन्हा लपवायला पोरगी पाटावर बसवायची! इतकी वर्षं मी ह्यांच्यावर चिडत आले, पण ह्यांचा तिरस्कार मला त्या एका मिनिटात वाटला. तरीही मी पोहे केले. शेंगदाणे जाळले, तेवढाच माझा निषेध.

पोलीस पाटलांनी पहिला घास घेतला आणि मोकळेपणाने विचारलं, "मंग, बार कधी उडवाचा?"

मामंजींना कमी ऐकू येतं. त्यांनी कानामागे हात धरला. "कायचा?"

"बार, आबा, बार!"

मामंजी खुलले. घरात आपल्या विषयावर कोणी बोलतंय याचा त्यांना फार आनंद झाला. "भरल्याशिवाय कसा उडवता? अजून दारूच नाई भेटली! याले म्या सगळ्या पुंगळ्या काढून देल्या, घरीच भरून राह्यला थो."

पोलीस पाटलांचा घास हातातच राहिला. मुलाची आई नवऱ्याकडे पाहू लागली. हे जमिनीकडे पाहत होते. दाराच्या चौकटीत आमची पोरगी उभी होती, धावून आलेली, ट्रॅक पँटमध्ये, घामाने भिजलेली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "माह्या पडताळणीले पोलीस येईन. त्याले काय सांगू?"

तिचा आवाज चढला नव्हता. पोलीस पाटलांनी बशी खाली ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "म्या काई आयकलं नाई. पण हे धंदे आजच्या आज बंद करा. पोरगी यादीत हाय ना?" माणूस चांगला होता. मला जळके शेंगदाणे आठवून लाज वाटली.

जीप गेली. इतका वेळ आपण काय बोलून बसलो हे मामंजींना कळलं नव्हतं. पोरीने त्यांच्या कानाशी बसून समजावलं, लायसनची बंदूक चालते, घरी काडतूस भरणं चालत नाही, केस होते.

"माह्यापाई तुही नवकरी जाईन का?"

"नाई, आबा. तुमच्यापाई नाई."

तिने हे तीन-तीनदा सांगितलं. मामंजी मान हलवत राहिले, पण ऐकत नव्हते. सकाळी त्यांनी कोट घातला. बंदूक धुतलेल्या चादरीत गुंडाळली, पुंगळ्यांचा डबा पिशवीत टाकला. देव्हाऱ्यापाशी येऊन माझी अगरबत्तीची पुंगळीही राख झटकून घेतली. ह्यांनी अडवायचा प्रयत्न केला. बंदूक ठेवा, मी आता हात लावत नाही, शपथ घेतो.

"बंदूक घरात राह्यली तं तुह्या डोक्यात दुसरं काई येईन," मामंजी म्हणाले. "चाल ठाण्यात. मले जमाच कराची हाय."

परत आले तेव्हा चादर घडी करून काखेत होती. त्या हंगामात रोह्यांनी हरभरा निवांत खाल्ला. धुऱ्यावरून आबांना कोणी बोलवायला आलं नाही. मामंजी ओट्यावर बसून राहायचे. कोणी पारावर जाताना दिसलं की अर्धवट उठायचे आणि परत बसायचे. मला ते बघवायचं नाही. त्या कोटावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात हसले होते, आणि आता तो खुंटीला दिसला की मी उगाच त्यावरची धूळ झटकायची.

मग पडताळणीचा पोलीस आला. पोरवयाचाच होता. शेजारी विचारून आला, ओट्यावर टेकला, कागद मांडीवर घेतला. नाव, शिक्षण, घरात कोण कोण. मी चहा घेऊन उभी. जाता जाता त्याने सहज विचारलं, "घरात काही हत्यार?"

हे बोलायला तोंड उघडणार, तोच मामंजी म्हणाले. यावेळी त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं.

"नाई, साहेब. आमच्या घरी कधीच नव्हतं."

ठाण्यात बंदूक जमा झाल्याची नोंद त्या पोराला माहीत असणारच. त्याने मामंजींकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या खुंटीवरच्या कोटाकडे. कागदावर मान घालून त्याने 'नाही' लिहिलं, आणि उठताना मामंजींच्या पाया पडला.