साडूंच्या जीपची खांदमळण

रस्ता चांगला लागला की ज्याचा चेहरा पडतो असा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि नेमका तोच माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लग्न जमवताना लोक मुलगी बघतात, घर बघतात, शेतीवाडी बघतात. साडू कुणीच बघत नाही, आणि मग आयुष्यभर माझ्यासारखं चिखलाने भरलेली पँट झटकत बसतात. त्यांचं खेडं हट्ट्याच्या अलीकडे. तिथवरचा रस्ता डांबरी झाला तेव्हा गावाने पेढे वाटले. साडूंनी मात्र मला फोन करून ती बातमी अशा आवाजात दिली, की मी आधी घरात सगळे बरे आहेत ना, ते विचारून घेतलं. "रोड झाला, पाव्हनं," ते म्हणाले, "आता काय मजा राह्यली न्हाई. आता कुनीबी येईल."

याचं मूळ त्यांच्या जीपमध्ये आहे. ही जीप त्यांनी कुठल्याशा लिलावातून आणली. चारही चाकांना जोर जाणारी, टपाला ताडपत्री, आणि वयाने माझ्या संसाराहून मोठी. आणल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात तिने घात केला. कळमनुरीला एक लग्न होतं. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, नवी रेशमी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली. साडूंना काय हुक्की आली कोण जाणे. जाता जाता तिला वावरातली हळद दाखवून आणतो म्हणून त्यांनी गाडी पाणंदीत घातली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात लोणी. ओढ्याजवळच्या चिबाडात, म्हणजे पाणथळ दलदलीत, जीप जी बसली, ती हलेच ना. शेवटी हौश्या आणि मोत्या ही घरची बैलजोडी आणली, जीपला साखळी लावली आणि अक्काची मिरवणूक निघाली. रेशमी साडीतली बाई जीपमध्ये, जीप बैलांच्या मागे, आणि अख्खं गाव ओट्यावर. दारात उतरल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "ह्या डबड्यात म्या परत बसले तर माझं नाव बदला."

अक्काचं नाव बदलणं सोपं नव्हतं, म्हणून साडूंनी जीप बदलायला घेतली.

सुरुवात टायरांपासून झाली. जुने टायर गुळगुळीत, चिखलात नुसते फिरणारे. साडूंनी बोट जाईल एवढ्या खोल खाचांचे, दांडगे टायर नांदेडहून आणले आणि चारही घेऊन थेट औंढ्याला गेले. नागनाथाच्या देवळात टायर कोण घेऊन जाऊ देतो? मग ते एकटे आत गेले, अंगारा घेऊन आले आणि बाहेर एकेका टायरला लावत बसले. अंगारा लागलेलं काहीतरी दिसल्यावर एका यात्रेकरू म्हातारीने, देवाचंच असेल म्हणून, त्या टायरांना हात जोडले. साडूंनी टायरांच्या वतीने तिला "सुखी राहा" म्हटलं. घरी येऊन टायर चढवले, गाडी ओट्याला लावली, गळ्यातल्या पंच्याने पुढची सीट पुसली आणि अक्काला म्हणाले, "बसा." अक्का म्हणाली, "मला पापड लाटायचेत." साडू "बरं" म्हणाले. त्यांच्या स्वभावातली ही एक गोष्ट मला फार आवडते. हा माणूस चिखलाशी भांडेल, मिस्त्रीशी भांडेल, पण अक्काला दुसऱ्यांदा म्हणून "बसा" म्हणणार नाही. त्याऐवजी तो पुन्हा गाडीखाली जाऊन काहीतरी बदलेल.

आणि बदलण्यासारखं निघालंच. मोठ्या टायरांचा जोर जुन्या अॅक्सलला सोसेना. त्याच चिबाडात एके दिवशी काडकन आवाज झाला आणि चाकाला फिरवणारा तो लोखंडी दांडा दोन तुकडे होऊन हातात आला. पुन्हा हौश्या, पुन्हा मोत्या, पुन्हा साखळी. साडू मग एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचे जाडजूड अॅक्सल शोधू लागले. त्यातला एक दांडा मिळाला तो नेमका कळमनुरीच्याच दुसऱ्या एका लग्नाच्या दिवशी. त्यांनी तो पोत्यात गुंडाळला, वरून वर्तमानपत्राचा कागद लावला आणि मांडवात खुर्चीला टेकवून जेवायला बसले. मुलीकडच्या कुणीतरी हौसेने तो उचलून आहेरात ठेवला. दुसऱ्या दिवशी साडू तो मागायला गेले तेव्हा दांडा देव्हाऱ्यापाशी उभा होता आणि घरातल्या बायका त्याच्याभोवती बसून हे कसलं म्हणून विचारात पडल्या होत्या. "तो आहेर न्हाई, माय, अॅक्सल हाये," साडूंनी खुलासा केला. नवरीची आजी चटकन म्हणाली, "व्हय का? मला वाटलं, हळद कुटायचं नवीन मुसळ."

नवे अॅक्सल जुन्यांपेक्षा रुंद होते. बसवले, चाकं चढवली, साडूंनी मोठ्या थाटात गाडी अंगणातून काढली आणि ती फाटकात अडकली. फाटकाचा खांब पाडून हातभर सरकवावा लागला. अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आज फाटक रुंद केलं, उद्या गाव रुंद करा." साडूंनी सीट पुसली. अक्काला त्या दिवशी लोणचं घालायचं होतं.

ही पुढची सीट म्हणजे माझं कायमचं दुखणं. मी हिंगोलीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. सासुरवाडीच्या नात्याने मला थोडा मान हवा की नको? पण साडूंच्या जीपमध्ये मी सदैव मागे, पान्यांच्या पेटीशेजारी. पुढच्या सीटवर त्यांनी प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं. गावचा सरपंचसुद्धा एकदा मागे बसून आला. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "ती सीट बुक हाये, पाव्हनं." आणि मग लगेच दुसरीकडे बघत हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं.

टायर झाले, अॅक्सल झाले, तरी ते चिबाड काही पुरतं वश होईना. मग साडू मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे चिखलात गाड्या घालायचे व्हिडिओ बघू लागले. इंग्रजीशी त्यांचा संबंध नाही. "तो मानूस काय बोलतो ते आपल्याला कळत न्हाई, पर चाक काय बोलतं ते बराबर कळतं," असं त्यांचं म्हणणं. त्यातून त्यांना डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, शोध लागला आणि आम्हा सगळ्यांचं जेवण बेचव झालं. ताटावर बसलं की ते दोन वाट्या घ्यायचे आणि सुरू व्हायचे. "हे दोन चाकं म्हंजे दोन बैलं. एक कोरड्यावर हाये, एक चिखलात घसरून राहिला. आता हे डिफरन्शियल काय करतंय? जो कामचोर नुसता फिरून राहिला, त्यालाच समदी पेंड टाकतंय! बिचारा कोरड्यावरचा उपाशी. मग गाडी हलन कशी? लॉक टाकलं की दोघायला एकच जू. फिरायचं तर संगं, वढायचं तर संगं." माझ्या बायकोने हे इतक्यांदा ऐकलंय की ती झोपेतही सांगू शकेल. अक्का मात्र त्या वेळी नेमकी भाकरी थापायला उठायची.

लॉक बसलं. गाडीत एक लाल खटका आला. तो दाबला की पुढच्या-मागच्या चाकांच्या जोड्या घट्ट बांधल्या जायच्या. चिखलात हे उत्तम, पण कोरड्या रस्त्यावर बांधलेली चाकं वळायला मागत नाहीत, सरळच धावतात. खटका परत सोडायचा असतो, हे साडू पहिल्याच दिवशी विसरले. हट्ट्याच्या बाजारात वळणावर त्यांनी स्टेअरिंग अंगाची ताकद लावून फिरवलं; टायर किंचाळले आणि जीप अगदी शांत निश्चयाने समोरच्या चहाच्या हॉटेलात, बाकड्यापासून वीतभर अंतरावर जाऊन थांबली. लोक उठून उभे राहिले. साडूंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि म्हणाले, "दोन च्या द्या, एक बिनसाखरेचा." जणू गाडी बाकड्याला लावायची त्यांची रोजचीच पद्धत. तो बिनसाखरेचा, मागे पान्यांच्या पेटीशी बसलेल्या मला प्यावा लागला.

हे सगळं कशासाठी, हे साडूंनी कधी सांगितलं नाही; पण आम्हाला ते दिसत होतं. मधल्या काळात अक्काचे गुडघे गेले होते. उन्हाळ्यात ती बैलगाडीतून वावरात जाऊन यायची. पण पाऊस लागला की पाणंद बंद, आणि म्हाताऱ्या झालेल्या बैलांना त्या चिखलात गाडीला जुंपणं अक्कालाच बघवायचं नाही. म्हणजे हळद हिरवीगार होऊन डोलायला लागायची, नेमकं तेव्हाच तिचं वावर तिला बंद. ज्या वावरात तिने उभी हयात खुरपण केलं, त्याची खबर ती ओट्यावर बसून घ्यायची. वावरातून कुणी आलं की विचारायची, "हळद किती आली?" साडू हात गुडघ्याशी धरून दाखवायचे. ती नुसती मान हलवायची. मला ते बघून वाईट वाटायचं, आणि साडूंना काय वाटत असेल ते ते गाडीखाली जाऊन निस्तरायचे.

मोत्या आधी गेला. गेल्या हिवाळ्यात हौश्याही गेला. साडूंनी त्याला वावरात कडुलिंबाखाली पुरलं आणि नवी जोडी घ्यायला नको म्हणाले. म्हणजे अक्काची उन्हाळ्यातली बैलगाडीही बंद झाली. यंदा पोळ्याला मी आणि बायको नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीच गेलो. त्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि त्याला आवतण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. चोळायचं काम अक्काचं. ती हळद-लोण्याची वाटी घेऊन सवयीने गोठ्यात गेली आणि रिकाम्या दावणीपाशी थांबली.

साडू जीपखाली होते. मी उगाच ताडपत्रीची दोरी आवळत होतो.

"हौश्याला कुठं ठिवलंय म्हनले?" अक्काने विचारलं.

"वावरात. लिंबाखाली," गाडीखालून आवाज आला.

"मला कुनी दावलंच न्हाई."

"तिकडं चिखल हाये ना. तुमाला तकलीफ…"

"मंग गाडी काढा की. इतके वर्सं काहून बनवून राहिले ती?"

साडू इतक्या झटक्यात बाहेर आले की त्यांचं डोकं खालच्या पट्टीला आपटलं. मग किल्ली सापडेना. घरात, ओट्यावर, गोठ्यात सगळीकडे शोधून झाल्यावर माझी बायको म्हणाली, "दाजी, तुमच्या हातात काय आहे?" हातात किल्लीच होती. त्यांनी पुढच्या सीटचं प्लॅस्टिक काढलं, सीट पुसली, पुन्हा पुसली. आम्ही दोघांनी धरून अक्काला वर चढवलं. ती वाटीवर तळहात झाकून बसली. आम्ही नवरा-बायको अर्थातच मागे.

ओढ्याजवळचं चिबाड आलं आणि ज्या माणसाने या क्षणासाठी अर्धी गाडी बदलली, तो घाबरून लॉक टाकायचंच विसरला. एक चाक घर्रकन जागच्या जागी फिरायला लागलं. सगळा चिखल माझ्या इस्त्रीवर. साडू अॅक्सिलरेटर दाबत होते, गाडी खचत होती, आणि त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी मनात म्हटलं, झालं, आणि आता तर ओढायला बैलही नाहीत.

तेवढ्यात अक्का कडाडली, "अवो, समदी पेंड त्या कामचोरालाच पडून राहिली! दोघायला जू बांधा की!"

साडू तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं भाकरी थापायला उठून गेलेल्या त्या बाईने प्रत्येक शब्द ऐकला होता. "बघता काय? तो लाल खटका!" ती म्हणाली. त्यांनी खटका दाबला. चाकं बांधली गेली, टायरांनी माती धरली, आणि जीप घाई न करता त्या चिबाडातून वर आली. मी मागून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते चिखलामुळे आलं असं मी बायकोला सांगितलं.

वावरात अक्काला उतरवलं. हळदीची पानं तिच्या कमरेला लागत होती. एक पान हातात धरून तिने ते उलटंपालटं करून बघितलं. मग साडूंना म्हणाली, "एवढी आलीय! आन् तुमी गुडघ्याइतकी दावत व्हते!"

"तुमाला बघाया येता येत न्हवतं," साडू खाली बघत म्हणाले, "म्हनून कमी दावत व्हतो."

लिंबाखाली हौश्यावर ठेवलेल्या दगडाला तिने हळद-लोणी चोळलं, कुरवाळल्यासारखं, आणि आवतण दिलं. वाटीत थोडं उरलं. साडूंनी घसा खाकरला. "उरलंच हाये तर… पुढच्या अॅक्सलला जरासं…"

"अॅक्सलला तुमी ग्रीस लावता, ते पुरे," अक्का म्हणाली. मग तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर बाजूला केली, आणि उरलेलं हळद-लोणी त्यांच्या खांद्याला चोळलं. वर्षानुवर्षं गाडीखाली उताणं पडून तो खांदा धरलाय, हे तिच्याशिवाय आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आज आवतण घ्या," ती हळूच म्हणाली, "उद्या जेवायला या."

साडूंनी मान डोलावली. परत येताना मी मागेच होतो, पान्यांच्या पेटीपाशी, आणि प्रथमच मला तिथे बसण्याचं काही वाटलं नाही. पुढे सदऱ्यावर खांद्याशी पिवळा डाग हळूहळू पसरत होता. घरी आल्यावर साडूंनी जीप अंगणात न लावता रिकाम्या गोठ्यात नेली आणि हौश्याच्या दावणीपाशी उभी केली. तो सदरा त्यांनी अजून धुवायला टाकलेला नाही, असं माझी बायको सांगते.