आबांच्या चालीचा तिसरा भाग

सातारा स्टेशनवर निजामुद्दीनची गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात माणसाने सामान चढवायचं, रडायचं आणि आईच्या सूचना ऐकायच्या. माझी ट्रंक चढली, व्हायोलिनची पेटी चढली, चिवड्याचा डबा चढला. मी मात्र आईच्या पाया पडायला दुसऱ्यांदा वाकलेलो होतो आणि गाडी हलली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागून कॉलर धरून मला डब्यात ढकललं. फौजेतून रिटायर्ड माणूस, ढकलण्यात चूक नाही. आई ओरडली, "पोचलास की फोन कर!" आबांनी शीळ घातली, त्यांची ती नेहमीची चाल. गाडी वळेपर्यंत ती मला ऐकू येत होती, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे मी तेव्हा बाकाखाली चिवड्याच्या डब्याचं झाकण शोधत होतो.

गावाकडच्या मंडळींनो, पुढची गोष्ट तुम्ही अर्धी ऐकलीत. माझ्यासारखंच दिल्लीत येऊन रुजलेल्यांनो, तुम्ही दुसरी अर्धी ऐकलीत. दोन्ही अर्ध्या मीच सांगितल्या, त्यामुळे दोन्हींत मी शहाणा दिसतो. आता सगळी सांगतो.

आबा पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे. पेन्शनीत आले तेव्हा एक जुना बाजा घेऊनच आले. गावात त्याला पखालबाजा म्हणत, कारण काखेत पाण्याची पखाल धरून माणूस तिच्या नळ्यांत फुंकतोय असंच ते दिसायचं. दर यात्रेला भैरोबाच्या पालखीपुढे आबा तो वाजवत चालायचे, आणि देवळाच्या पायरीपासून शिवेपर्यंत चाल एकच. तिच्याशिवाय पालखी उचलत नाहीत, इथपर्यंत तिची मजल गेली होती. मला त्यांनी बाजा शिकवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या फुंकेला मला घेरी आली आणि मी गोठ्यात म्हशीच्या पुढ्यात पडलो. "ह्याचा भाता लहान हाय," असं आबांनी जाहीर केलं आणि हायस्कूलच्या मास्तरांकडे मला व्हायोलिन शिकायला धाडलं. त्याला फुंकावं लागत नाही. मी पहिल्यांदा पूर्ण वाजवलं ते अर्थात आबांचीच चाल.

तीच चाल घेऊन मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागलो. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आधी एकटा राहिलो, मग लग्न झालं, मग मुलगी झाली. पुढे दिल्लीतल्याच द्वारकेत सोसायटीत फ्लॅट घेतला. गावी असताना मी 'वैरण', 'दावं', 'शीव' असे शब्द वापरायचो. इथे माझ्या तोंडी 'फाइल पुट अप', 'अच्छा' आणि 'चलो, देखते हैं' बसलं. मुलगी मीरा हिला 'रेडकू' म्हणजे काय हे समजवायला मला मोबाइलवर फोटो काढून दाखवावा लागला. तरी व्हायोलिन रोज निघायचं. आबांची चाल संपली की खालच्या मजल्यावरचे शर्माजी म्हणायचे, "वाह जी, पहाडी धुन!" मी म्हणायचो, "पहाडी नहीं, सातारा."

ह्या 'सातारा'नेच माझा घात केला.

गुरुग्राममध्ये मोराग नावाच्या एक स्कॉटिश बाई राहतात. तिथल्या एका शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि मग परत गेल्याच नाहीत. त्याही व्हायोलिन वाजवतात, त्याला त्या फिडल म्हणतात. रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात पाच-सहा जण गोल करून बसतात. पुढ्यात कागद नाही. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना येते ते सामील होतात. पण सुरू करण्याआधी एक रिवाज असतो: ही चाल आपण कुणाकडून घेतली त्या माणसाचं नाव सांगायचं. कुणी म्हणतो, आमच्या शेजारच्या सुताराकडून. कुणी म्हणतो, मामीकडून. आपल्याकडे घराणं सांगतात तसंच, फक्त सुतार चालतो.

ऑफिसातल्या एका मित्राने मला तिथे नेलं. सगळे खुर्च्यांवर, व्हायोलिन हनुवटीखाली. मी सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून. पाळी आल्यावर मी घसा साफ केला आणि इंग्रजीत छोटंसं भाषणच दिलं. ही आमच्या सातारा जिल्ह्यातली अतिप्राचीन लोकधून आहे, आमच्या भैरोबाच्या पालखीपुढे पिढ्यान्‌पिढ्या वाजते, बाहेरच्या माणसाने ती आजवर ऐकलेली नाही. मग डोळे मिटून सुरू केलं.

दुसऱ्या ओळीला मोरागबाई सामील झाल्या. तिसऱ्या ओळीला सगळेच. मला भरून आलं. काय तयारीची माणसं आहेत, यार! एकदा ऐकलं की उचलतात! मी उत्साहाने लय वाढवली, तर त्यांनीही वाढवली. एका जागी मी चुकलो, तिथे ते चुकले नाहीत. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली.

चालीचे दोन भाग झाले, त्यांनी थांबवलं, म्हणून मीही थांबलो. मोरागबाई फार सौजन्याने म्हणाल्या, "ही माझ्या आजोबांकडून मी घेतलेली. ते स्कॉटलंडच्या एका बेटावर राहायचे. आमच्याकडे लहान पोरांना हीच आधी शिकवतात."

माणसाने इथे गप्प बसावं. मी ज्ञान झाल्याच्या झटक्यात पार्किंगमधूनच आबांना फोन लावला. "आबा, अहो ती चाल आपली नाहीच! स्कॉटलंडची आहे. तिथली शेंबडी पोरंसुद्धा वाजवतात!"

आबा म्हणाले, "असं व्हय. आमच्या उस्तादांनी तोंडी शिकवली होती. कागदावरची गाणी सायबाची आन तोंडी शिकवतात ती आपली, असं आम्ही समजत हुतो." आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी आईचा फोन. "दत्ता, काय सांगितलंस रे ह्यांना? घरातली शीळ बंद झालीय. बाजा माळ्यावर टाकलाय. यात्रा दोन महिन्यांवर आली, पंच विचारायला आले तर म्हणाले, परक्याची चाल देवापुढं कशाला, दुसरा कोण तरी बघा."

मी आबांना फोनवर खूप समजावलं. संगीताला सरहद्द नसते वगैरे, पेपरात असतं तसलं सगळं बोललो. आबा म्हणाले, "बरं." आबांचं 'बरं' म्हणजे दार लावून आतून कडी.

त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बरेच दिवस लांबलं होतं. तेवढ्या निमित्ताने मी त्यांना दिल्लीला आणलं. ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून आबा आमच्या बाल्कनीत बसायचे आणि विमानं मोजायचे, द्वारकेत तो उद्योग दिवसभर पुरतो. शीळ मात्र एकदाही नाही. मीरा म्हणाली, "आजोबा, बोअर होताय का?" तर म्हणाले, "बिल्कुल नाही." मला चोरट्यासारखं वाटत राहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडून दुसरं काही घेतलंच नव्हतं, आणि घेतलेलं हे एकच, तेही मीच पार्किंगमध्ये उभा राहून काढून घेतलं होतं.

शेवटी एका रविवारी, डोळ्याला थोडी हवा लागू दे असं सांगून त्यांना मोरागबाईंकडे नेलं. बाईंना आधी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी चहा दिला, आबांना मोठ्या खुर्चीत बसवलं आणि फिडल उचललं. मी दुभाष्याच्या तयारीत दोघांच्या मध्ये बसलो. मोरागबाईंची शाळेतली हिंदी आणि आबांची फौजी हिंदी ह्यांचं इतकं जमलं, की मला चहाचे कप आत नेऊन ठेवण्याचं काम मिळालं.

बाईंनी चाल सुरू केली. आबांचं तोंड घट्ट मिटलेलं. पण हातात काठी होती, आणि काठीवर त्यांची बोटं हळूहळू उघडझाप करू लागली, बाज्याच्या भोकांवर करतात तशी. पहिला भाग झाला. दुसरा झाला. बाई थांबल्या. आबांची बोटं थांबली नाहीत. आणि ओठांतून शीळ आली, तिसरा भाग.

मी तो लहानपणापासून वाजवतोय. त्या रविवारी माझ्या भाषणानंतर तो कुणी ऐकलाच नाही, कारण मी गर्दीबरोबर थांबलो होतो.

मोरागबाईंनी फिडल मांडीवर ठेवलं. "ये क्या है? ये हमारे पास नहीं है."

आता माझं डोकं चालू लागलं. बेटावरून नाहीसा झालेला प्राचीन तिसरा भाग! पलटणीने जपलेला! मी भाषणाला तोंड उघडणार, तोच आबा खाली बघत म्हणाले, "मॅडम, वो चंद्री है."

"चंद्री कौन?"

"हमारी भैंस."

सतरा वर्षांचे असताना आबा भरती झाले. गावी त्यांचं काम म्हशी राखायचं. संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडे उभं राहून ते चंद्रीला एक लांब, वर जाऊन खाली येणारी हाक घालायचे, की ती मान वळवून घरचा रस्ता धरायची. ट्रेनिंगमध्ये बरॅकच्या मागे सराव करताना गावची फार आठवण आली, म्हणून दोन भाग झाल्यावर त्यांनी नळीवर ती हाक वाजवली. नंतर रोजच. एकदा उस्ताद मागे येऊन उभे राहिले. आता मैदानाला दहा फेऱ्या, असं आबांनी धरलंच होतं. उस्ताद म्हणाले, "रहने दे. अच्छा लगता है." आणि पुढच्या परेडला अख्ख्या बँडकडून ती वाजवून घेतली.

"मतलब," मोरागबाई हसू दाबत म्हणाल्या, "पूरी पलटन भैंस को बुला रही थी?"

"जी मॅडम. साहब लोग सॅल्यूट में खडे थे."

मग त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आबाही हसले, काळ्या चष्म्याआडून, आणि मी त्यांना महिन्याभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "पहिले दोन भाग कुणी केले ते आम्हालाही माहीत नाही. कुणीतरी घर सोडून निघालेला असणार. तुमचा भाग तरी कुणाचा ते ठाऊक आहे. मला शिकवाल?"

आबांनी काठी बाजूला ठेवली, पाठ ताठ केली आणि सत्तरीला टेकलेल्या त्या बाईंचा क्लास घेतला. "फिर से. नहीं, अभी भैंस नहीं मुडी. फिर से!" सहाव्या वेळेला म्हणाले, "हां, अब आयेगी."

पुढच्या रविवारी सगळे गोल करून बसलेले असताना मोरागबाईंनी रिवाजाप्रमाणे सांगितलं: दोन भाग आजोबांकडून, तिसरा आबांकडून, आणि आबांनी चंद्रीकडून. सहाही जणांनी तिसरा भाग वाजवला. आबा खुर्चीत बसून फक्त चुका मोजत होते. माझ्या दोन निघाल्या.

यात्रेच्या आधी आबा गावी परतले. बाजा माळ्यावरून खाली आला. पंचांना त्यांनी एवढंच सांगितलं, "चाल दोघांची हाय, देवाची हरकत नसंल तर वाजवतो." पालखी उचलली. आईने फोन उंच धरून मला ऐकवलं, मी ते ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकलं, आणि साहेबांनी बोलावल्याचं साफ विसरलो.

मला पूर्वी कुणी विचारलं, घर कुठे, तर मी गोंधळायचो. द्वारका म्हटलं तर गावाशी बेइमानी, गाव म्हटलं तर बायको म्हणते, मग तिकडेच राहा. मागच्या महिन्यात मेट्रोतून उतरताना मीरा आणि मी गर्दीत वेगळे झालो. मी जिन्याकडे चाललो होतो, चुकीच्या. तिने 'बाबा' म्हणून हाक मारली असेल, मला नाही ऐकू आली. मग प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाकडून शीळ आली, वर जाऊन खाली येणारी. रेडकू म्हणजे काय ते अजून धड न सांगता येणाऱ्या माझ्या मुलीची.

मी जागच्या जागी मान वळवली आणि मुकाट्याने घरचा रस्ता धरला.