कॅसेट अडकायची ती जागा

सुक्या बोंबलांचा वास आला की मला देवळाच्या भोंग्यावरची सनई ऐकू येते. डहाणूच्या आमच्या किनाऱ्यावर रोज सकाळी भैरवीची तीच कॅसेट लागायची, आणि मला तिचा अगदी वीट आला होता. एकदा वीज गेली नि भोंगा गप्प झाला. तेव्हा बांबूवर बोंबील टांगता टांगता आईच ती भैरवी गुणगुणू लागली, आणि कॅसेट जिथे अडकायची तिथे तीही अडकली. मी हसत सुटले. "अगं आई, तिथे टेप अडकते, गाणं नाही!" ती म्हणाली, "असू दे. मला तिथंच रडू येतं." आता मोबाईलवर ती भैरवी कितीदा तरी ऐकते. त्या जागेपाशी मी थांबते, सनई मात्र आईसाठी न थांबता पुढे निघून जाते.