केणे सरांनी तोडलेली झाडे

केणे सरांची आणि माझी ओळख कल्याणबाहेरच्या एका उघड्या टेकडीवर झाली. मी नववीत होतो. विज्ञानाचे हे शिक्षक आम्हांला खड्डे खणायला लावत आणि त्यांत गिरिपुष्प या परदेशी झाडाच्या फांद्या रोवून घेत. झाडे झपाट्याने वाढली, टेकडी हिरवी झाली, सरांचा सत्कार झाला.

निवृत्तीनंतर सर रोज टेकडीवर जाऊ लागले, तेव्हा त्यांना ती हिरवाई मुकी वाटली. घरटे नाही, ससा नाही, झाडांखाली दुसरे रोप नाही. सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर जण त्यांच्या लागवडीविषयी लिहितील. मला मात्र सरांनी बजावले आहे, "माझी चूक लिही. सविस्तर लिही."

चूक उमगल्यावर त्यांनी आम्हां जुन्या विद्यार्थ्यांना बोलावले. गिरिपुष्पाच्या सावलीत इथलेच आईन, कुंभा, करवंद लावायचे; रोपे कमरेएवढी झाली, की वनखात्याच्या परवानगीने वरचे गिरिपुष्प काढायचे. पहिला घाव सरांनी स्वतः घातला. सरांच्या पत्नी केणेबाई म्हणाल्या, "सगळं गाव झाडं लावतंय, आमच्याकडे कोयत्याला धार!"

लोक खवळले. माझा वर्गमित्र सुधीर टेकडीवर येऊन ओरडला, "सर, हे झाड मी लावलेलं! तुम्हीच लावायला सांगितलेलंत ना?"

"तेव्हा कळत नव्हतं रे. आता कळतंय, तर गुडघे नाहीत."

सुधीर पुन्हा आला नाही. त्याच्यामागे बरेच जण गेले. सरांनी कोणालाही बोल लावला नाही. पुढे सुधीरचे वडील रुग्णालयात होते, तेव्हा घरचा डबा पोहोचवायला सरच जात.

खालच्या उतारावर आता करवंदीच्या जाळीत बुलबुल घरटी करतात. वरचा उतार मात्र तसाच आहे. दर रविवारी कामाला येणारे आम्ही चौघेच उरलो आहोत, पन्नाशीचे, लवकर दमणारे. सरांना चढवत नाही. ते पायथ्याशी खुर्ची टाकून बसतात.

गेल्या रविवारी त्यांनी विचारले, "वर आईन लावलेत ना रे?"

"लावलेत, सर."

"कमरेला आले की सांग. मला धरून न्या वर."

वर आम्ही एकही रोप लावलेले नाही. माझे ते बोलणे खरे करायचे, तर येत्या पावसाळ्यात लागवड करावी लागेल आणि मग रोपे कमरेला येईपर्यंत थांबावे लागेल. तेवढी वर्षे सरांना लाभोत, आणि ती निरोगी असोत.