चंद्र दिवसा लावायचा

शुक्रवार, ३ मार्च १९७२. हजर : मी, हे, म्हणजे माझे यजमान, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमची मुलगी, वय तेरा. अंगणात पाट, पाटावर पांढरा रुमाल, रुमालावर घड्याळ. संकष्टी होती. आत्याबाईंचा उपास आणि आमची जेवणं, दोन्ही चंद्रावर अडलेली.

एवढं त्या वर्षीच्या वहीत आहे. बाकीचं आठवणीतून.

मी वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. याद्या करायची सवय तिथली. हे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते, आपल्या सायकलने जात. कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर पडलं, हे दिवसभर लिहायचं. त्यामुळे घड्याळांचं ह्यांना वेड. दिवाळीपर्यंत त्या वेडाला माझी हरकत नव्हती. दिवाळीत कारखान्यातले एक इंजिनियर नोकरी सोडून निघाले आणि त्यांच्याकडून ह्यांनी ते परदेशी घड्याळ घेतलं. तबकडीवर वार, तारीख, महिना. खाली एक अर्धगोल खिडकी आणि तिच्यात निळ्या आभाळातला सोनेरी चंद्र. त्या किमतीत दोन सायकली आल्या असत्या. आम्हाला एकच हवी होती.

ती मुलीसाठी. वस्तीवर सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीला देवळाली प्रवऱ्याला जायचं म्हणजे कालव्याच्या कडेने तीन मैल, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. आत्याबाईंनी सांगून टाकलं होतं, "उसातनं पोरगी पायी न्हाई जायची. सायकल आना, न्हाईतर सातवी लई झाली." सातवीची परीक्षा एप्रिलात होती. माझ्या यादीत पहिल्या ओळीवर 'सायकल, जूनच्या आत' असं होतं. दिवाळीनंतरही ती ओळ तशीच राहिली, फक्त तिच्यासाठी साठवलेले पैसे ह्यांच्या मनगटावर गेले.

घड्याळाला जानेवारीपर्यंत मी एकही शब्द बोलले नाही. मग फेब्रुवारी आला. हे म्हणाले, नोव्हेंबरात घेतली तशी ह्याही महिन्याच्या शेवटी तारीख हाताने पुढे घ्यावी लागेल, कारण घड्याळ प्रत्येक महिना एकतीसचाच धरतं.

"म्हणजे ह्याला फेब्रुवारी कळत नाही?" मी विचारलं.

"कळणारी असतात. ती आपल्याला परवडणारी नाहीत."

"माझी पहिलीची मुलं मुठीवर मोजून सांगतात, कुठला महिना किती दिवसांचा."

"मुठीवर चंद्र दिसतो का?"

"अंगणात दिसतो," मी म्हटलं. "आणि वेळेचं म्हणाल तर कारखान्याचा भोंगा आख्ख्या वस्तीला फुकट सांगतो."

ह्यावर हे हसले, पण त्या रात्री झोपले नाहीत हे मला कळलं. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले की शेतकी अधिकाऱ्यांना घड्याळ आवडलंय, घेतलं त्याच किमतीला मागतायत, पाच मार्चला, रविवारी, देऊन टाकतो. मी यादीत 'सायकल'पुढे 'रविवारनंतर' असं लिहिलं. मुलीने ते वाचलं आणि शेजारच्यांची सायकल मागून कालव्याच्या कडेला पाय मारायला शिकू लागली.

मधेच ह्यांना ताप आला. घड्याळाला दोन दिवस किल्ली दिली गेली नाही आणि ते बंद पडलं. बरे झाल्यावर ह्यांनी ते पुन्हा चालू केलं, शुक्रवारी दुपारी वार, तारीख, महिना नीट लावले. चंद्र मात्र लावायचा ठेवला. मी म्हटलं, पंचांगात तिथी आहे, मोजा आणि लावा. हे म्हणाले, "घेणाऱ्या माणसाला चुकीचा चंद्र द्यायचा नाही. आज संकष्टीच आहे. समोर बघून लावतो."

म्हणून तो पाट आणि तो रुमाल. सव्वानऊ होऊन गेल्यावर उसाच्या वर चंद्र आला. आत्याबाईंनी अर्घ्य दिलं. ह्यांनी कंदील जवळ ओढला, खिडकीतला चंद्र वरच्या चंद्राशी ताडून पाहिला आणि घड्याळाच्या कडेच्या बारीक खळग्यात बाभळीचा काटा दाबला. एक दाब म्हणजे एक दिवस. पहिल्या दाबाला चंद्र सरकला. दुसऱ्यालाही सरकला, पण आतून टक्क असा आवाज आला. भाकरीत खडा लागावा तसा.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही जेवून घ्या."

सकाळी पाहिलं तर वार शुक्रवारच, तारीख तीनच, चंद्रही जागचा हललेला नाही. काटे मात्र व्यवस्थित चालत होते.

हे शनिवारी उजाडताच शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले आणि झालं ते सांगून आले. अधिकारी म्हणाले, "चंद्रच चालत नाही तर घेऊ कशाला?" त्यांचं बरोबरच होतं. मुलीने ऐकलं, दप्तर उचललं आणि शाळेत गेली. मागून आणलेली सायकल तिने त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे परत नेऊन लावली. मला ते जास्त लागलं.

रविवारी मी ह्यांच्याबरोबर एसटीने नगरला गेले. घड्याळजी म्हातारे होते. त्यांनी मागचं झाकण काढलं, यंत्र बाहेर घेऊन तबकडी उचलली, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिला प्रश्न केला, "चंद्र रात्री लावलात ना?"

"चंद्र आणखी कधी लावणार?" हे म्हणाले.

"साहेब, सगळे हेच म्हणतात. मागे एक वकील आले होते, तेही संकष्टीचेच. रात्री नऊपासून पहाटे तीनपर्यंत आतली चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. मध्यरात्री तारीख बदलायची त्यांची तयारी चाललेली असते. तेव्हा बाहेरून ढोसलं की दात जातो. चंद्र दिवसा लावायचा. सकाळी, चहा पिऊन."

मी म्हटलं, "दादा, खरं सांगा. ह्या चंद्राला एवढे पैसे द्यावेत का?"

त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. "आधी बघा, वहिनी."

मी पाहिलं. चंद्राच्या चकतीवर एक नाही, दोन चंद्र होते. एक खिडकीच्या जागी, एक एरवी तबकडीखाली लपणारा. कडेला मोहरीपेक्षा बारीक दात. "एकोणसाठ," ते म्हणाले. "दोन चांद्रमहिन्यांचे दिवस. एक चंद्र मावळला की दुसरा उगवतो."

दोन पौर्णिमांचा हिशेब कुणीतरी पितळेत इतका नेमका बसवला होता, की मला त्यात एकही खाडाखोड सापडली नाही. याद्या करणाऱ्या बाईला ह्याचं कौतुक वाटणारच.

"वेळेसाठी विचारत असाल तर नाही," घड्याळजी म्हणाले. "वेळ सांगणारा भाग खाली, तो साध्या घड्याळातही असाच असतो. वरचा सगळा शौक. शौक सगळं उरकल्यावर करावा. पण केलाच असेल तर त्याला शिव्या देऊ नयेत." नवं चाक मुंबईहून मागवावं लागेल, मिळेलच असं नाही, असंही त्यांनी सांगितलं. घड्याळ पुन्हा जोडून, झाकण लावून परत दिलं. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत राहुरी आली तेव्हा ह्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं. मग म्हणाले, "माझी सायकल तिला देतो."

"आणि तुम्ही?"

"कारखाना दीड मैल. माझ्या वाटेला ऊस नाही, डांबरी रस्ता आहे. भोंग्याआधी अर्धा तास निघायचं. माझ्याकडे घड्याळ आहे."

सायकल पुरुषी, मधे दांडा असलेली. सीट खाली घेतली तरी मुलीचे पाय जेमतेम पोचत. आत्याबाईंनी सायकलभोवती एक फेरी मारून पाहिलं, "पडली तर उसात पडंल, मऊ हाय," असा निकाल दिला आणि आठवीची परवानगीही त्यातच दिली. जूनमध्ये मुलगी शाळेत गेली. पहिल्या आठवड्यात दोनदा पडली, दोन्ही वेळा कालव्याच्या बाजूला.

हे रोज चालत गेले. काटे चोख चालत. चंद्र चतुर्थीवर अडकलेला, त्यामुळे आत्याबाई म्हणत, "माझी संकष्टी सोडवंना झालंय हे."

दिवाळीत तो व्यवहार मूर्खपणाचा होता, असं मी आजही म्हणेन. पण खिडकीतला चंद्र खऱ्यापासून किती चुकतोय ते पाहता पाहता हे रोज अंगणात येऊन वर बघू लागले, आणि ती सवय टिकली. तिला कुठल्या रकान्यात घालावं ते मला ठरवता आलेलं नाही.

मुलगी आता अकरावीला आहे. गेल्या आठवड्यात नगरहून कार्ड आलं : चाक मिळालं आहे, घड्याळ घेऊन या. यादीत नोंदवलं आहे. 'नगरला जाणे. चंद्र लावणे, सकाळी.' खूण अजून व्हायची आहे.