वाकलेलं चाक

महाल भागातला तो सायकल मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. पडलो तेव्हा माझा पाय मोडला, सायकलचं चाक वाकलं. सायकल त्याच्याकडे गेली. प्लॅस्टर निघाल्यावर काठी टेकत ती आणायला गेलो. एक डोळा मिटून तो रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, बघत होता. तसंच त्यानं माझं चालणं बघितलं.

"काम बाकी हाये, मास्तर. उद्या या जी."

रोज तेच. कधी ब्रेक, कधी चेन. अर्धा मैल जा, अर्धा मैल या. मी चिडे, पण आतून बरंही वाटे. पुन्हा सीटवर बसायची छातीच होत नव्हती.

महिन्यानं मात्र भांडायलाच निघालो. तरातरा गेलो. एक डोळा मिटून त्यानं मला येताना बघितलं.

"झाली तुमची गाडी."

सीटवर धुळीचा थर होता. तो त्यानं बाहीनं पुसला.

"कधीची तयार आहे ही?"

"पहिल्या दिवसापासून. बसा आता."

रागारागात बसलो आणि थेट घर गाठलं. काठी दाराआड उभी होती. सकाळी न्यायची विसरलो होतो.