डाव्या पानावरचा मलेरिया

माझ्या नोंदवहीत उजव्या पानावर शास्त्र लिहायचे, असा नियम मी स्वतःच घातला होता. शास्त्र म्हणजे तारीख, गाव, तापमान, नमुन्याचा क्रमांक. जे यांत कुठेच बसत नाही आणि तरीही खोडवत नाही, ते डावीकडे. दोन वर्षांनी पाहतो तो डावी पाने गच्च भरलेली आणि उजवीकडे ठिकठिकाणी 'नमुना मिळाला नाही' एवढेच! मित्रमंडळी जमली की उजवे पान आता कोणी मागत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. पीएच.डी. झाल्यावर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली. तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नुकताच आला होता. मलेरियाचा परजीवी साध्या मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशीत खड्याच्या अंगठीसारखा दिसतो, बस्स, तेवढाच. तो आतून कसा आहे आणि पेशीतला ऐवज नेमका खातो कसा, हे आम्हाला पाहायचे होते. आमचे सर मितभाषी. ते म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत फोटोची एक स्वच्छ प्लेट. एकच. नाहीतर यंत्राची वेळ दुसऱ्या विभागाला जाईल."

यंत्राची वेळ गेली, की माझी फेलोशिपही गेलीच!

*

रुग्ण मिळवण्यासाठी मला पालघरला धाडण्यात आले. पण साठीच्या दशकातले ते दिवस. घरोघर फवारणी होऊन मलेरिया जवळजवळ दिसेनासा झाला होता. तिथल्या डॉक्टरांना मी माझा हेतू अदबीने सांगितला.

"अहो, ताप नाही म्हणून आम्ही पेढे वाटायच्या बेतात, आणि तुम्ही ताप मागायला आलात!"

शेवटी त्यांनी मला तांडेलकाकांच्या स्वाधीन केले. तांडेलकाका मलेरिया खात्याचे फिरते कर्मचारी. दर पंधरवड्याला घरोघर जायचे, ताप विचारायचा, बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकायची. मूळ नवापूरचे, घराणे मच्छीमारांचे.

*

घिवलीजवळ वीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. तिथल्या एका हिंदी बोलणाऱ्या सुताराला काकांनी विचारले, "बुखार कब आया था?"

"परसों, दोपहर को।"

काकांनी माझ्या घड्याळात डोकावून पाहिले. अडीच वाजले होते. "बसू या, साहेब. तीनला येल."

मी आधार विचारला. काकांनी समुद्राकडे बोट केले. "भरती रोज पाऊण तास उशीर करते. ह्यो ताप नाय करीत. एक दिवस सोडून, त्याच टायमाला."

मी घड्याळ हातात धरून बसलो. तीनला चार मिनिटे कमी असताना सुताराने करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "बाबूजी, कंबल।"

डोळ्यांना न दिसणारा जीव, लाखोंच्या संख्येने, सारे एकाच वेळी पेशी फोडून बाहेर पडतात, हे मी पुस्तकात वाचले होते. दुपारच्या उन्हात त्या माणसाचे दात वाजू लागले तेव्हा ते मला प्रथम पटले.

*

सुताराचे रक्त घेतले, काकांनी त्याला गोळ्या दिल्या. नमुना गार ठेवायचा होता. बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत! एका कोळणीने मोठ्या मनाने दोन ढेकळे दिली. मी लस्सीचा पेलाही न घेता थेट मुंबई गाठली. पाहतो तो एकूणएक पेशी फुटलेल्या!

पुढच्या आठवड्यात काकांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "मासळीच्या बर्फात मीठ मारत्यात. त्यानं बर्फ लय गार होतो. रगत गोठला असंल."

"काका, हे आधी का नाही सांगितलेत?"

"तुमी डाक्टर! मला वाटला, रगतालाय मीठ लागत असंल!"

त्या दिवसाचे उजवे पान एका ओळीचे आहे.

*

काका एकदा कामानिमित्त मुंबईला आले, तेव्हा त्यांना प्रयोगशाळा दाखवली. काच मोडून केलेल्या सुरीने नमुन्याचे काप काढतात. ते इतके पातळ असतात, की पाण्यावर तरंगताना त्यांची जाडी फक्त रंगावरून कळते. मी समजावून सांगत होतो, "हा सोनेरी, म्हणजे जाड. टाकून द्यायचा. हा रुपेरी, हा ठेवायचा."

काका म्हणाले, "सोना फेकून रुपा ठेवणारी मानसं आजच पायली!"

मग अंधाऱ्या खोलीत यंत्राचा हिरवा पडदा उजळला. बाहेर आल्यावर मला दिसले, की त्यांनी आत शिरताना वहाणा उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून सरांचे बूटही तिथेच दिसू लागले. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "धूळ."

*

उन्हाळा तोंडावर आला आणि उमरोळीच्या एका पाड्यावर लाडकीबाय सापडली. वारली घरातली, पावसावरची थोडी शेती. चार दिवसांनी कामासाठी बाहेरगावी निघायची होती. पाड्यापाड्यांवर लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चित्र, लिहायला तिलाच बोलावत. आम्ही गेलो तेव्हा ती गोधडीखाली कुडकुडत होती.

आता एक पेच होता. तापाच्या दिवशी रक्तात बहुतेक लहान अंगठ्याच सापडतात. सरांना हवा होता पूर्ण वाढलेला परजीवी, म्हणजे एक दिवस थांबणे आले. मी अगदी हळू आवाजात म्हणालो, "काका, गोळ्या उद्या दिल्या तर?"

काकांनी गोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. "तुमीच सांगा तिला."

मी लाडकीबायजवळ बसलो. तिने गोधडीतून तोंड बाहेर काढले. "काय सांगतोस, डाक्टर?"

"थोडे रक्त घेतो," मी म्हणालो, "आणि गोळ्या आत्ताच घ्या."

"ने. पण माज्या रगतात काय दिसला, ता मला आणून दाव!"

उजव्या पानावर मी लिहिले : 'अंगठ्याच अपेक्षित.'

*

अंगठ्याच निघाल्या. शेकडो काप पाहिले. आणि त्यांत, सोबत्यांच्या पुढे धावलेला असावा असा, एकच वाढलेला परजीवी! मी फोटो धुऊन सरांपुढे ठेवला. परजीवीच्या कडेला एक बारीक खाच होती. सरांनी तिच्यावर पेन्सिल टेकवली. "सुरीचा ओरखडा. स्वच्छ म्हणता येणार नाही."

आठवडा उरला होता. दुसरा रुग्ण नव्हता. निदान शब्द तरी पाळावा म्हणून फोटो घेऊन मी उमरोळीला गेलो. लाडकीबाय कामाला निघायची होती, पण शेजारच्या लग्नघरी भिंत लिहायला थांबली होती. मी सांगितले, "हा बाहेरचा गोल तुमच्या रक्तातली पेशी. आतला हा तिला खातो." तिने फोटो उजेडाकडे धरला, क्षणभर पाहिला, परत दिला आणि गेरूच्या भिंतीवर एका कोपऱ्यात तांदळाच्या पिठाने काढू लागली. एक गोल. त्यात दुसरा. आणि त्या दुसऱ्याच्या कडेला, दुहेरी रेघेची, आत वळलेली एक छोटी खाच.

सत्याच्या दृष्टीने मला बोलणे आवश्यक वाटले. "लाडकीबाय, ते त्याचे नाही. तो काचेच्या सुरीचा ओरखडा आहे."

तिने हातातली काडी थांबवली नाही. "मंग खातो कशानं?"

मी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. रेघ दुहेरी होती. ओरखडा कधी दुहेरी नसतो. तो पेशीपाशी थांबतही नाही.

मुंबईला पोचताच त्याच नमुन्याचे लगतचे काप यंत्रात घातले. खाच पुढच्या कापात होती. त्याच्या पुढच्याही कापात होती. त्याच जागी.

सर भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "नमुना कोणाचा?"

"उमरोळीच्या लाडकीबायचा."

"आणि निरीक्षण?"

"तेही त्यांचेच, सर!"